त्याच कापडाचा धागा

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शहागंजात रात्र उशिरा उतरते. फळांच्या गाड्यांवरचे दिवे मालवत जातात, ताडपत्र्या ओढल्या जातात, चमनच्या कठड्याला टेकून चाललेल्या गप्पा पातळ होतात, सिटी चौकाकडे जाणारी एखादी रिक्षा रिकाम्या रस्त्याला लागते, आणि मग निझामाच्या काळातला तो घड्याळाचा मनोरा तेवढा जागा राहतो. खाली तुडवलेला पाला, केळीची सालं आणि ओल्या गोणपाटाचा वास. पहाटेच्या अजानीपर्यंत एवढाच काय तो शांततेचा तुकडा या वस्तीच्या वाट्याला येतो. दुसऱ्यानं लिहिलेला पेपर वाचायला मला हीच वेळ लागते.

उद्या दुपारी विद्यापीठात कुणीतरी उभं राहून तो पेपर वाचणार असतं आणि त्यावर बोलायचं काम माझ्याकडे आलेलं असतं. झेरॉक्सच्या दुकानातून कोपऱ्यात पिन मारून आलेली पानं, बाजूला टोक काढलेली पेन्सिल, खिडकीतून येणारा एक मंद वारा. पहिल्या पानावर लिहिणारा सावध असतो. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर मोठमोठी नावं येतात, दूरदेशीच्या ग्रंथांचे हवाले येतात, वाक्यं अंग आखडून उभी राहतात. आणि मग चौथ्या किंवा पाचव्या पानावर, एखाद्या परिच्छेदाच्या मध्येच, त्याचा स्वतःचा आवाज लागतो. वाक्य आखूड होतं, हवाले मागे पडतात, गावाचं नाव येतं, विहिरीचं नाव येतं, आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगून टाकायची एक घाई त्या ओळींत भरून येते. तिथं मी थांबते. परक्या माणसाचं मन विचार करताना इतक्या जवळून दिसावं, अशी वेळ आयुष्यात फार थोडी येते. ज्याच्याशी चार शब्द बोललेलो नसतो, त्याचा श्वास कुठल्या ओळीवर अडला हे आपल्याला कळतं. पेन्सिलीनं समासात एक बारीक रेघ ओढते.

रात्रीचं काम तेवढंच.

दुपारी घरून निघालं की सराफ्याची गर्दी, सिटी चौक, मग पाणचक्कीचा वड, महमूद दरवाज्याची थंडगार सावली आणि खाम नदीचा पूल. पुढं रस्ता मोकळा होतो, आकाश वाढतं, लेण्यांचे डोंगर जवळ येऊ लागतात आणि विद्यापीठाची कमान दिसते. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ म्हणून हे सुरू झालं. त्याआधी पदवी मिळायची ती हैदराबादच्या विद्यापीठाची. कमानीवरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव १४ जानेवारी १९९४ चं. त्या नावासाठी १९७८ पासून माणसांनी काय काय सोसलं, किती घरं जळाली, हे आठवल्याशिवाय माझं पाऊल त्या कमानीखालून पुढं पडत नाही. आत गेलं की कडुनिंबाची झाडं, दगडी भिंती, उन्हाची झळ. आणि ती खोली.

सेमिनारची खोली कुठल्याही विभागातली सारखीच असते. जुना पंखा, खडूची भुकटी, पडदा नीट न ओढल्यामुळे प्रोजेक्टरच्या चौकोनात शिरलेली उन्हाची एक तिरीप. बीडहून, जालन्याहून, परभणी-हिंगोलीकडून आलेली मुलं. कुणी घरी लमाणी बोलतं, कुणी दखनी, कुणी गंगथडीची मराठी. पण वाचायचा पेपर पुष्कळदा इंग्रजीत, आणि त्या इंग्रजीच्या खालून घरची बोली पाझरत असते. वाचणाऱ्याचा हात पोडियमच्या कडेला घट्ट. आवाज आधी उंच, मग पानागणिक खाली येत गेलेला. शेवटी ‘धन्यवाद’ असं म्हटलं जातं, मान खाली जाते, पानं एकत्र केली जातात, पंख्याचा आवाज अचानक मोठा वाटू लागतो, मागच्या बाकावरचं कुणीतरी पाण्याची बाटली उचलतं आणि तशीच परत ठेवतं, सरांची नजर वहीवरून उठून खोलीभर फिरते, आणि वाचणाऱ्याला वाटतं की वर्षभर गावोगाव हिंडून, रात्री जागून, वडलांकडून पैसे मागून जे काही जमवलं ते या खोलीच्या मधोमध ठेवलंय आणि कुणीच त्याला हात लावत नाही.

मग एक हात वर येतो.

त्या वर आलेल्या हाताविषयी मला मनापासून काही सांगायचं आहे. ‘पेपर छान झाला’ हे आमच्या सेमिनारमधलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वाक्य आहे, आणि माझ्या मते सगळ्यात निर्दय. ते म्हणणाऱ्यानं बहुधा वाचलेलं नसतं. त्याच्या उलट टोकाला पेपर वाचणाऱ्याला आडवं पाडण्यासाठीच विचारलेला प्रश्न, ज्यात विचारणाऱ्याचं वाचन तेवढं झळकतं. दोन्हींत पेपर तसाच पडून राहतो, न उघडलेला. वर्षभराची मेहनत घेऊन आलेल्या मुलीला कौतुक नको असतं आणि पराभवही नको असतो; कुणीतरी आपलं पान उलटून पाहावं, एवढंच तिला हवं असतं.

असं उलटून पाहणं मी पाहिलं ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या रफूच्या दुकानात. दुकान म्हणजे काय, दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढी जागा. रफू करणाऱ्या चाचांच्या पुढ्यात कुणाची सर्जची शेरवानी, कुणाचा शालू, कुणाची आजोबांपासून चालत आलेली शाल. कॉलेजातून येता-जाता मी तिथं रेंगाळायचे. चाचा भोकाला लगेच हात लावत नसत. कापड आधी उजेडाकडे धरायचे, डोळे बारीक करायचे, ताणा कुठून कसा गेलाय आणि बाणा त्याला कुठं छेदतो ते बोटांच्या टोकांनी वाचायचे. मग शेरवानी उलटी करायची, आतल्या दुमडीत जिथं कुणाची नजर जात नाही तिथून सुईच्या अणीनं एकेक धागा हलकेच सोडवायचा, जिभेवर ओला करायचा, आणि तोच धागा भोकाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर, एकाच्या वरून, दोघांच्या खालून, मूळ विणीच्या चालीनं नेत राहायचा. दुपार निघून जायची. समोरच्या रिळांच्या पेटीत हव्या त्या रंगाचा दोरा असताना हा एवढा खटाटोप कशाला, असं मी एकदा विचारलं. “बाजार का धागा दिखता, बेटा,” मान वर न करता ते म्हणाले, “इसीच कपडे का लगना पडता.”

हे शहर वली आणि सिराज या शायरांचं. इथं शागिर्दानं आपली गझल उस्तादापुढं ठेवायची आणि उस्तादानं इस्लाह करायची, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. इस्लाह म्हणजे उस्तादानं स्वतःचा शेर लिहून देणं नव्हे; शागिर्दाच्याच मिसऱ्यातला एखादा शब्द तो इकडचा तिकडे करतो, आणि जे शागिर्दाला म्हणायचं होतं पण ओठांपर्यंत येत नव्हतं, ते मोकळं होतं. चाचा त्या विषयावर तासन्‌तास बोलत. सुई मात्र थांबायची नाही.

पुढं बाबासाहेबांचा तो पेपर हाती आला तेव्हा मला ती शेरवानीची आतली दुमड दिसू लागली. ९ मे १९१६, न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ, डॉ. गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा सेमिनार. पेपर वाचणारा विद्यार्थी पंचवीस वर्षांचा, सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन आलेला, नाव भीमराव रामजी आंबेडकर. विषय जात: तिची यंत्रणा, तिचा उगम, तिचा विस्तार. त्या खोलीत ऊन कसं पडलं होतं, कोण कुठं बसलं होतं, पंचविशीतला तो आवाज पहिल्या वाक्याला कापला का, हे मी कितीदा मनाशी रंगवून पाहिलं आहे. ज्या गोष्टीनं त्याला शाळेत वेगळं बसवलं, जिनं पाण्यापासून लांब ठेवलं, तीच गोष्ट त्यानं मेजावर मांडली होती, आणि आवाज न चढवता तिचे सांधे उकलून दाखवत होता.

त्या पेपरात तो आधीच्यांच्या व्याख्या एकेक करून तपासतो. सेनार, नेस्फील्ड, रिस्ले. आणि मग केतकर. आपले श्रीधर व्यंकटेश केतकर, पुढं ज्ञानकोशकार म्हणून घराघरांत ठाऊक झालेले. त्याच न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकून गेलेले, जातीच्या इतिहासावर १९०९ मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिलेले. सातासमुद्रापार, गोऱ्या प्राध्यापकाच्या सेमिनारमध्ये, एक मराठी विद्यार्थी दुसऱ्या मराठी अभ्यासकाचं पान उलटतो आहे. केतकरांची दृष्टी चिकित्सक आहे, मन मोकळं आहे, त्यांची व्याख्या विचारात घेण्याजोगी आहे, हे तो आधी स्वच्छ सांगतो. केतकरांनी जातीची दोन लक्षणं दिली होती: जातीत जन्मलेल्यालाच जातीत जागा, आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. तो ती दोन्ही हातात घेतो, उजेडाकडे धरतो आणि म्हणतो, ही दोन नाहीतच. बाहेर लग्न बंद केलं की आत जन्मलेल्यांपुरतंच दार उरतं, एकाच गोष्टीच्या या दोन बाजू. बाहेरून काही आणलं नाही. केतकरांच्याच व्याख्येच्या आतल्या शिवणीतून धागा काढला, आणि त्या एका धाग्यावर सबंध पेपर विणला. जात टिकते ती जातीतल्या लग्नावर, आणि ते लग्न टिकवायचं तर नवऱ्यामागं उरलेल्या बाईचं आणि बायकोमागं उरलेल्या पुरुषाचं काय करायचं हा प्रश्न त्या व्यवस्थेला सोडवावाच लागतो. सती, लादलेलं वैधव्य, अजाण वयातलं मुलीचं लग्न; ज्या चालींना धर्म म्हणून मिरवलं गेलं त्या त्यानं एका हिशेबाची उत्तरं म्हणून मांडल्या. मी ती पानं पहिल्यांदा वाचली तेव्हा बाहेर बाजार भरलेला होता, भाव पुकारले जात होते, आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

कधी कधी वाटतं, त्या दिवशी त्या खोलीत प्रश्न कोणते विचारले गेले असतील?

आमच्या सेमिनारमध्ये ऐकलेला एक प्रश्न मात्र मी जपून ठेवला आहे. बीड जिल्ह्यातून आलेल्या एका मुलीनं ऊसतोडीवर पेपर वाचला होता. तक्ते नेटके होते: टोळी, कारखाना, हंगाम, उचल. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. तिनंही तक्त्यात तेच एकक धरलं होतं. चर्चा वेतनदरांवर, कायद्यांवर, कारखानदारीच्या राजकारणावर इकडून तिकडे गेली, तिनं वहीत उतरवून घेतली, आणि घड्याळाकडे बघत लोक पिशव्या आवरू लागले. तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून तिच्याच वर्गातला एक मुलगा उठला, सहसा न बोलणारा. त्याच्या हातात पेपरची शेवटची पानं होती, परिशिष्ट. जे कुणी वाचत नाही.

“तुझ्या या मुलाखतीत बाई सांगते,” तो म्हणाला, “पहाटे तीनला उठून भाकरी करते, मग फडात मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत भरते, आल्यावर परत चूल. हे सगळं तूच लिहून घेतलंस. मग दुसऱ्या तक्त्यात ती कुठंय? कोयता मधोमध चिरला तर काय दिसेल?”

खोली गप्प झाली. मुलीनं पानं उलटली, ती मुलाखत काढली आणि त्या बाईचे शब्द मोठ्यानं वाचले, शब्दांचे हेल न बदलता, थेट फडावरच्या बोलीत. इतका वेळ इंग्रजी वळणाच्या मराठीत अडखळणारा तिचा आवाज त्या ओळींवर मोकळा झाला. पाचटाचा खसखस आवाज, पहाटेच्या चुलीचा धूर, मोळीखाली वाकलेली मान, सगळं त्या पंख्याखाली येऊन बसलं. तिचा पेपर त्या क्षणी बदलला. पुढं जो प्रबंध झाला तो कोयत्याच्या त्या अर्ध्या भागावर. प्रश्न विचारणारा कुठलाही मोठा ग्रंथ घेऊन आला नव्हता. तो फक्त शेवटच्या पानापर्यंत वाचून आला होता. आणि मला १९१६ चा पेपर आठवत राहिला. तिथं हिशेबात जास्तीची ठरलेली बाई, इथं हिशेबात न धरलेली.

विद्यापीठातून परतताना कधी वाट वाकडी करून मी नागसेनवनाकडे वळते. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये या शहरात कॉलेज काढलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढं कॉलेजला नाव मिळालं मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. एक प्रश्न विचारणारा राजा, दुसरा उत्तर देणारा भिक्खू. शिकणाऱ्या मुलांच्या डोक्यावर कुणा विजेत्याचं नाव नाही, एका वादाचं नाव आहे, यानं मला भरून येतं. त्या दोघांच्या संवादाच्या जुन्या पाली ग्रंथात वाद पुढं नेण्याआधी नागसेन राजाला एक गोष्ट विचारून घेतो: तू पंडितांसारखा बोलणार की राजांसारखा? पंडितांच्या बोलण्यात गुंता होतो, सुटतो, कुणाचं खोडलं जातं, कुणी चूक कबूल करतो, आणि तरी कुणी रागावत नाही. राजे एक बाजू धरतात आणि जो नाही म्हणेल त्याला दंड करतात. मिलिंद म्हणतो, पंडितांसारखा बोलेन. एवढं ठरल्यावरच बोलणं पुढं सरकतं. त्याआधी नागसेननं राजाला त्याच्याच रथाविषयी विचारलेलं असतं, ज्यात बसून तो आला होता तो रथ. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजाचीच वस्तू, राजाचीच उत्तरं, आणि त्यांतूनच राजाचा भ्रम फिटत जातो.

संध्याकाळी नागसेनवनातल्या झाडांखाली मुलं वह्या घेऊन बसलेली असतात. कुणी सेट-नेटची तयारी करतं, कुणी हलक्या आवाजात उद्याचा पेपर स्वतःलाच वाचून दाखवतं. त्यांच्या अंगावर पानांतून गाळून आलेलं तांबूस ऊन. माझ्या मनात दर वेळी एकच येतं, या मुलांना उद्या खोलीत राजे भेटू नयेत.

राजासारखं न बोलणारे गुरू असतात, याचा एक पुरावा ग्रंथालयातल्या कपाटात आहे. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनला पुस्तक होऊन आला. प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची. त्या प्रस्तावनेत कॅनन उघड लिहितात की या टीकेतलं बरंचसं आपल्याला मान्य नाही. आणि तरी, जिथं लेखक चुकतो असं वाटतं तिथंही त्याच्या मांडणीतला ताजेपणा आपल्याला चेतवतो. विद्यार्थ्याच्या पहिल्या पानाआधी गुरूचा मतभेद छापलेला, आणि विद्यार्थ्यानं तो तिथं सन्मानानं राहू दिलेला. मला ही प्रस्तावना कुठल्याही प्रशस्तीहून मोठी वाटते. मतभेद असूनही ज्यानं पानन्‌पान वाचलं, त्यानं दिलेली ही साक्ष.

म्हणून पेन्सिलीची ती रेघ मी हलक्या हातानं ओढते. ती खोडता यावी म्हणूनही, आणि तिच्याखालचं मूळ वाक्य दिसत राहावं म्हणूनही. दुसऱ्याच्या वाक्यावर आपलं वाक्य चढवण्याचा मोह मोठा असतो. आपलं वाचन, आपले ग्रंथ, आपली वर्षं, सगळी जिभेच्या टोकावर येऊन उभी राहतात, आणि समोरचा पंचवीस वर्षांचा मुलगा मान खाली घालून ऐकायला तयार असतो. तेव्हा परत पहिल्या पानाशी जायचं. त्यानं काय म्हटलंय ते त्याच्यापेक्षा नीट सांगता येईपर्यंत त्याच्याविरुद्ध बोलायचं नाही; आपल्याकडे वादात पूर्वपक्ष आधी मांडायची शिस्त होती, ती मला फार सुंदर वाटते. आणि मग शोधायचा तो आतल्या दुमडीतला धागा. तो असतोच. एखाद्या तळटिपेत असतो, एखाद्या आकड्यात असतो, एखाद्या म्हातारीच्या वाक्यात असतो जे लिहिणाऱ्यानं घेतलं खरं, पण ऐकलं नाही.

जातीवरचा तो पेपर १९१७ च्या मे महिन्यात ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. महाराष्ट्र शासनानं १९७९ साली काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो आहे, मराठीतही तो वाचायला मिळतो. त्याच्या शेवटी तो पंचवीस वर्षांचा विद्यार्थी सांगतो की मला सिद्धांत मांडायची उमेद आहे, पण तो टिकत नाही असं कुणी दाखवून दिलं तर तो सोडायलाही मी तितकाच तयार आहे. सेमिनारला जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला माझी विनंती आहे: आपला पेपर लिहायला बसण्याआधी हा एक पेपर पूर्ण वाचा, परिशिष्टासारखा टाळू नका, पेन्सिल हातात धरून वाचा; आणि जिथं पटणार नाही तिथं, त्याच्याच शब्दांचा आधार घेऊन, समासात तसं लिहा.